घास आणि घाई

पचनाच्या तक्रारींविषयी आपल्या समाजात जितक्या मोकळेपणाने आणि तपशिलाने बोलले जाते, तितके अन्य कोणत्याही शरीरव्यापाराविषयी क्वचितच बोलले जात असेल. पित्त खवळणे, पोट डब्ब होणे, करपट ढेकर येणे, कोठा साफ नसणे या विषयांवर सर्वस्वी अपरिचित मनुष्यही एस. टी.च्या प्रवासात शेजाऱ्याशी अर्धा तास सहज बोलू शकतो. आणि उतरण्यापूर्वी एखाद्या चूर्णाचे नाव, ते मिळण्याचे ठिकाण आणि ते कोणत्या अनुपानाने घ्यावे याची माहिती आपण न मागता आपल्या पदरात टाकून जातो. या चर्चेत जठराची झडती होते, आतड्यांवर ठपका येतो, यकृताचीही अधूनमधून चौकशी होते. परंतु अन्नाचा आणि शरीराचा जिथे पहिला संबंध येतो त्या मुखाला मात्र कोणी जाब विचारीत नाही. घास तोंडात किती वेळ होता, तो चावला गेला की नुसताच आत लोटला गेला, त्यात लाळ मिसळली की पाण्याच्या घोटाबरोबर तो खाली ढकलण्यात आला, हे प्रश्न वैद्याने विचारले तर रुग्णाला पोरकट वाटतात, आणि न विचारले तरी वैद्याच्या लौकिकात काही उणे येत नाही.

ही उपेक्षा निव्वळ अज्ञानातून आली आहे असे मला वाटत नाही. अन्न चावून खावे हे ज्याने कधी ऐकलेले नाही असा मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. ठाऊक असूनही ते घडत नाही याचे कारण असे की, आपल्या घरांची, शाळांची आणि कचेऱ्यांची सारी व्यवस्थाच अशी लागलेली आहे की, चर्वणाला लागणारा वेळ, आणि कित्येकांच्या बाबतीत चर्वणाला लागणारे दात, हेच त्यांच्यापाशी शिल्लक नाहीत. म्हणून या बाबतीत व्यक्तीला उपदेश करीत बसण्यापेक्षा व्यवस्थेकडे काही गोष्टी मागाव्यात असे माझे मत आहे. मात्र मागणी करण्यापूर्वी मुखात नेमके काय घडते ते थोडे स्वस्थपणे पाहिले पाहिजे.

पचनाच्या सबंध कारभारात आपल्या इच्छेचा अंमल चालतो तो ओठांपासून घशापर्यंतच. घास एकदा घशाच्या मागच्या भागाला लागला की गिळण्याची क्रिया आपोआप सुरू होते; श्वासनलिकेचे झाकण पडते, अन्ननलिकेच्या स्नायूंची लाट उठते, आणि तिथून पुढे जठर, स्वादुपिंड, यकृत, आतडी ही सारी खाती आपापल्या दस्तुराप्रमाणे चालतात; त्यांना आपला हुकूम लागू होत नाही, आपला अर्जही पोहोचत नाही. जुन्या काळी तालुक्याच्या कचेरीत शिरस्तेदाराने एखादा कागद न पाहताच वर धाडला, तर तो हुजुरापर्यंत जाई खरा, परंतु वाटेतल्या प्रत्येक दफ्तरात त्याच्यावर शेरे पडत, आणि चार दिवसांच्या कामाला चार महिने लागत. न चावता गिळलेल्या घासाची गत काहीशी अशीच होते. पटाशीच्या दातांनी तुकडा तोडावा, सुळ्यांनी फाडावा, उपदाढांनी भरडावा आणि दाढांनी त्याचे पीठ करावे, अशी जी बत्तीस दातांत कामाची वाटणी आहे, तिचा हेतू पाचक रसांना अन्नाचा अधिकाधिक पृष्ठभाग मोकळा करून द्यावा एवढाच आहे. आणि जठराला व आतड्यांना दात नसल्यामुळे, वर राहून गेलेले हे काम खाली कोणी तितक्या सफाईने करू शकत नाही.

दातांच्या या कामाला जोड असते लाळेची. कानापुढे, खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात, आणि ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात लहान ग्रंथी शेकड्यांनी विखुरलेल्या असतात. या सर्वांतून दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते, जिचा जवळजवळ नव्व्याण्णव टक्के भाग पाणीच असतो. कानापुढच्या ग्रंथीची नलिका शोधून काढली ती नील्स स्टेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने, १६६० साली, ॲमस्टरडॅममध्ये. बावीस वर्षांचा हा तरुण मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करीत असता त्याने एका पोकळीत सळई घातली. ती कुठेही न अडता पुढे सरकत गेली आणि अखेरीस दातावर आपटून वाजली. त्या आवाजावरून त्याला कळले की हा मार्ग गालातून थेट तोंडात उघडतो. पुढे त्याच्या गुरूने हा शोध आपलाच असल्याचा दावा लावला आणि दोघांत मोठा कज्जा माजला. परंतु नलिकेला आज नाव आहे ते शिष्याचे. वाचकाला हे स्थान स्वतःच्या तोंडात पाहावयाचे असेल तर वरच्या जबड्यातील दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आतून जीभ फिरवावी. तिथे एक बारीकसा उंचवटा लागतो, आणि लिंबाचे नुसते नाव काढले तरी तिथून ओल सुटल्याचे जाणवते.

या द्रवाकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र चमत्कारिक आहे. तो तोंडात असेपर्यंत आपण त्याच्याबरोबर जगतो आणि तोंडाबाहेर पडताक्षणी त्याचा विटाळ मानतो. उष्ट्याखरकट्याच्या नियमांत स्वच्छतेचा काही अंश होता हे मान्य करावे लागेल, कारण लाळेतून रोग पसरतात हे खरेच आहे. परंतु तो नियम माणसामाणसांवर जेव्हा लावला गेला तेव्हा त्याने काय रूप घेतले ते डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवून ठेवले आहे. पेशव्यांच्या राजधानीत, पुण्यात, अस्पृश्याने गळ्यात मडके अडकवून हिंडावे, म्हणजे त्याची थुंकी रस्त्यावर पडून दुसऱ्याच्या पायाला लागणार नाही, असा तो निर्बंध होता. मडक्यातली थुंकी आणि ती वर्ज्य ठरविणाऱ्याच्या तोंडातली थुंकी यांत भेद काढू शकेल असे कोणतेही रसायनशास्त्र अद्याप जन्माला आलेले नाही.

त्या लाळेत असते तरी काय? अन्नाला ओले व निसरडे करणारा श्लेष्मल पदार्थ असतो, आम्लता मारणारे क्षार असतात, काही जंतूंना फोडणारे लायसोझाइम असते. आणि पचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असे, पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत टायलिन म्हणून ओळखले जाणारे, अमायलेज हे विकर असते. पिष्टाचा, म्हणजे भात, भाकरी, पोळी, बटाटा यांतील मुख्य घटकाचा, लांबलचक रेणू तोडून त्याची माल्टोज नावाची साखर करणे हे त्याचे काम. लाळेने पिष्टाची साखर होते हे लॉइक्स या जर्मन संशोधकाने १८३१ सालीच दाखविले होते. ज्या वाचकाला हे पुस्तकी वाटेल त्याने शाळेतला प्रयोग घरी करून पाहावा. तांदळाची पातळ पेज गाळून दोन परीक्षानळ्यांत घ्यावी, एकीत थोडी लाळ घालावी, दुसरीत उकळून गार केलेली लाळ घालावी, आणि दोन्ही नळ्या कोमट पाण्यात उभ्या ठेवाव्यात. दर दोन-तीन मिनिटांनी प्रत्येकीतला एक थेंब पांढऱ्या फरशीवर टाकून त्यावर पातळ आयोडीनचा थेंब सोडावा. प्रारंभी दोन्ही थेंब गडद निळे होतात. मग पहिल्या नळीतला थेंब जांभळट पडू लागतो, त्यात तांबूस झाक येते, आणि अखेरीस निळेपणा पार नाहीसा होऊन आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग तेवढा उरतो. दुसऱ्या नळीतला थेंब मात्र निळाच्या निळा. उकळल्याने विकर निकामी झाले, एवढाच काय तो दोहोंतला फरक. जिला परीक्षानळी ठाऊक नव्हती अशी आपल्याकडची कोणतीही वृद्धा हाच निष्कर्ष निराळ्या रीतीने सांगत आलेली आहे: ज्वारीची भाकरी कोरडी घेऊन सावकाश चावीत राहिले की ती गोड लागते.

येथे एक रास्त आक्षेप विचारात घेतला पाहिजे. घास तोंडात असतो तो काही सेकंद. तेवढ्या अवधीत पिष्टाचा फार तर पाच टक्के भाग तुटतो असे शरीरक्रियाशास्त्राची पाठ्यपुस्तकेच सांगतात. शिवाय स्वादुपिंडातून याच जातीचे, आणि अधिक जोमदार, विकर पुढे लहान आतड्यात येतेच. मग तोंडातल्या या किरकोळ कामाचे एवढे स्तोम कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि निरोगी मनुष्य घाईने जेवूनही जगतो हे त्याला अनुकूलच आहे. परंतु लाळेचे काम गिळल्यावर थांबत नाही. जठरातील आम्लाने अमायलेज निष्प्रभ होते हे खरे, तरी जठराच्या वरच्या भागात अन्नाचा गोळा साचून राहतो आणि आम्ल त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्यास बराच वेळ लागतो. तेवढा वेळ लाळ आतल्या आत काम करीत राहते, आणि आम्ल सर्वत्र मिसळण्यापूर्वी पिष्टाचा तीस ते चाळीस टक्के भाग तुटलेला असतो. आता हे घडावयाचे तर लाळ गोळ्याच्या बाहेरून नुसती माखलेली असून चालत नाही, ती आतपर्यंत कालवली गेलेली असावी लागते. आणि हे कालवणे दातांवाचून, जिभेवाचून आणि थोड्या सवडीवाचून होत नाही. म्हणजे तोंडात घालविलेल्या अर्ध्या मिनिटाची किंमत तोंडात दिसत नाही, ती जठरात दिसते. लाझारो स्पालांझानी या इटालियन प्रकृतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात तागाच्या कापडाच्या लहान थैल्यांत अन्न शिवून त्या स्वतः गिळल्या, आणि बाहेर पडल्यावर त्या उघडून पाहिल्या. चावलेले अन्न न चावलेल्यापेक्षा अधिक विरघळते हे त्याला या किळसवाण्या पण निर्विवाद रीतीने कळले.

कुत्र्याला मात्र गपागप गिळण्याचा अधिकार आहे. त्याच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसतेच, त्यामुळे घास तोंडात घोळवून त्याला फारसे काही मिळवावयाचे नसते. गाय दिवसाला शंभर लिटरांहून अधिक लाळ गाळते आणि सहा-सात तास रवंथ करते, कारण तिचे सारे अर्थशास्त्रच चर्वणावर उभे आहे. मनुष्याचे पूर्वज कंदमुळांवर आणि पुढे धान्यावर जगू लागले. आणि ज्या लोकसमूहांचा आहार पिढ्यानपिढ्या पिष्टप्रधान राहिला त्यांच्या शरीरात लाळेतील अमायलेजच्या जनुकाच्या प्रती सरासरीने अधिक असतात, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. भाताच्या मुदीवर आणि भाकरीच्या चतकोरावर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी निदान कुत्र्याच्या रीतीने जेवू नये, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल.

लाळ केवळ अन्नाच्या स्पर्शाने सुटते असे नाही; मज्जासंस्थेचा तिच्यावर पूर्ण ताबा असतो. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याने कुत्र्याच्या लाळनलिकेचे तोंड शस्त्रक्रियेने गालाबाहेर आणून थेंब मोजण्याची सोय केली, तेव्हा असे दिसून आले की कुत्र्याच्या तोंडात स्वच्छ गोटे टाकले तर लाळ जेमतेम सुटते, कारण गोटे त्याला तसेच टाकून देता येतात. परंतु त्याच गोट्यांची वाळू करून टाकली की ती धुऊन काढण्यासाठी लाळेचा लोंढा वाहतो. पचनाविषयीच्या संशोधनाबद्दल १९०४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पान वाढताना मीठ, लिंबाची फोड, लोणचे, चटणी, कोशिंबीर ही डावी बाजू आधी मांडण्याची रीत ज्यांनी घातली त्यांनी थेंब मोजलेले नव्हते. पण आंबट चवीइतकी लाळ दुसऱ्या कोणत्याही चवीने सुटत नाही ही गोष्ट त्या रीतीशी तंतोतंत जुळते. पंगत पुरती वाढून होईपर्यंत त्या पानाकडे पाहत बसण्याची सक्ती, आणि मधूनमधून कोणीतरी म्हटलेला श्लोक, यांनीही जेवणाची गती आपोआप आवरली जात असे.

आणि भीतीने लाळ आटते. ही गोष्ट न्यायासनालाही ठाऊक होती. स्मृतिग्रंथांतील दिव्यांच्या यादीत तंडुलदिव्य म्हणून एक प्रकार आहे, आणि तो चोरीच्या आरोपापुरताच सांगितलेला आहे. विधिपूर्वक रात्रभर ठेवलेले तांदूळ सकाळी आरोपीस पूर्वाभिमुख बसवून चावावयास देत आणि मग पिंपळाच्या किंवा भूर्जाच्या पानावर थुंकावयास सांगत. थुंकीत रक्त दिसले, टाळू सुकलेला आढळला, अंगाला कंप सुटला, तर तो दोषी. मराठेशाहीच्या दफ्तरांत ज्याचे महजर आढळतात त्या रवादिव्यात तापलेल्या तेलातुपातून हाताने धातूचा तुकडा काढावा लागे. त्या मानाने हे दिव्य सौम्य, आणि शरीरशास्त्राला धरूनही होते, कारण भ्यालेल्या माणसाच्या तोंडात कोरडे तांदूळ कोरडेच राहतात आणि हिरड्यांना खुपतात. त्याचा दोष एवढाच की भीती चोराला वाटते तशी गावच्या पाटलासमोर उभ्या केलेल्या निरपराध गरिबालाही वाटते, कदाचित अधिकच वाटते. आणि लाळग्रंथीला अपराध व अपमान यांतला फरक समजत नाही.

हे सर्व इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, जे दिव्य जुन्या न्यायसभेने चोरांपुरते राखून ठेवले होते ते आपण आज आपल्या मुलांना रोज करावयास लावीत आहोत. मधल्या सुट्टीची घंटा होते. हात धुण्याच्या नळावर रांग लागते. डबा उघडून पहिला घास तोंडात जातो न जातो तोच पुढच्या तासाची चिंता, अपुऱ्या राहिलेल्या गृहपाठाची धास्ती आणि मैदानावर धावलेल्या मित्रांची हाक, अशा तिहेरी ओढीत मूल उरलेली पोळी भाजीसकट कोंबते, तोबरा भरल्या तोंडाने वर पाणी पिते आणि पळते. घरी परतल्यावर निराळा प्रकार. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर डोळे लावून बसलेल्या बालकाच्या तोंडात आई वरणभाताचे घास सारीत राहते, आणि ते मूल काय खाल्ले, किती खाल्ले, चावले की नाही याची कसलीही दखल न घेता तोंड उघडते आणि मिटते. ‘लवकर गिळ’ हा शब्दप्रयोग आता घरोघरी वात्सल्याचा मानला जातो. दात आलेल्या मुलालाही मिक्सरमधून काढलेले मऊ मऊ अन्न देत राहण्याची जी नवी रीत पडली आहे तिच्यामुळे चर्वणाचा अभ्यासच होत नाही. आणि मग हेच मूल पुढे भाकरी कडक लागते, गाजर खुपते, उसाला हात लावावासा वाटत नाही, अशी तक्रार करू लागले की आपण नव्या पिढीच्या आवडीनिवडीला दोष देतो. मऊ पाव, चहात बुडविलेले बिस्किट, दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया हे पदार्थ लोकप्रिय होण्यात त्यांच्या चवीइतकाच त्यांच्या निरुपद्रवीपणाचा वाटा आहे. ते दातांजवळ काहीच मागत नाहीत.

सरकारी आणि खाजगी कचेऱ्यांतील नोकरदारांविषयी फारसे लिहीत नाही. त्यांना निदान संघटना आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीत साहेब जागेवर नसल्याची फिर्याद जनता गेली कित्येक वर्षे करीतच आहे.

तथापि चर्वणाचा महिमा गाताना त्याचा पंथ होऊ देऊ नये, हेही तितकेच आवश्यक आहे. अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचा एक सधन व्यापारी होऊन गेला. स्थूलतेमुळे विमा कंपनीने नाकारलेला हा गृहस्थ प्रत्येक घास पातळ होऊन आपोआप घशाखाली उतरेपर्यंत चावीत राहू लागला, त्याचे वजन घटले, आणि मग त्याने साऱ्या जगाला चावावयास लावण्याचा विडा उचलला. दूध आणि सूपसुद्धा तोंडात घोळवून चावावे असा त्याचा दंडक होता. येल विद्यापीठात त्याच्यावर प्रयोग झाले, हेन्री जेम्ससारखा कादंबरीकार काही वर्षे त्याचा अनुयायी बनला आणि पुढे प्रकृती बिघडल्यावर विटला. १९१९ साली फ्लेचर वारला आणि त्याच्यामागून त्याचा पंथही विरला. कारण भोजन हा जिथे हिशेबाचा विषय होतो तिथे पंक्तीतला शेजारी आधी उठून जातो आणि मागाहून भूकही जाते. ग्लॅडस्टनच्या नावावर सांगितला जाणारा बत्तीस वेळा चावण्याचा नियमही मला त्याच कुळीचा वाटतो. बत्तीस वेळा काय चावावयाचे, दहीभात? त्या मानाने चरकसंहितेच्या विमानस्थानातील भूमिका पुष्कळच समंजस आहे: फार घाईने जेवू नये आणि फार रेंगाळतही जेवू नये, असे तिथे दोन्ही बाजूंनी बजावलेले आहे, आणि मन जेवणावर ठेवावे एवढे सांगून ग्रंथकार आकडेमोडीत न शिरता पुढे जातो. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहिले त्यातही पिष्टमय अन्न कोरडे घेऊन नीट चावावे असा आग्रह आहे. गांधीजींचे आहारविषयक सर्वच प्रयोग मला पटत नाहीत, पण हा एक निर्विवाद पटतो.

चावण्याचा अतिरेक आपल्याकडे झाला तो अन्नाच्या बाबतीत झालाच नाही. जेवणानंतरचा विडा लाळ सुटण्यास उपकारक होता असे म्हणता येईल, परंतु त्याच्या जागी सुपारी, तंबाखू आणि गुटखा आला. २०१२ साली महाराष्ट्र सरकारने गुटख्यावर बंदी घातली तरी पुड्या कुठे मिळतात हे शाळकरी पोरही सांगू शकते. सुपारीच्या सततच्या संपर्काने गालाचे अस्तर आतून ताठ होत जाते, तोंड दोन बोटेही उघडेनासे होते, तिखटाचा कण सोसवत नाही; आणि कर्करोगापर्यंत गोष्ट गेली व किरणोपचार करावे लागले तर लाळग्रंथीही सुकून जातात. दिवसभर चघळणाऱ्या माणसावर अखेरीस घास चावता न येण्याची पाळी यावी, यापरता क्रूर विपर्यास मला दुसरा दिसत नाही.

आता मागणीकडे वळतो. शाळेच्या वेळापत्रकात मधली सुट्टी हा दोन तासांमधला उरलासुरला अवकाश मानला जातो. तो भोजनाचा तास म्हणून निराळा लावावा, त्यात हात धुण्याचा वेळ वेगळा धरावा, आणि जेवण होईपर्यंत मैदान बंद ठेवावे. यासाठी नवा निधी लागत नाही. मुख्याध्यापकाची एक सूचना पुरे आहे. दुसरी मागणी वृद्धांसाठी आहे आणि ती खर्चाची आहे.

खेड्यातल्या ओसरीवर दुपारच्या वेळी लहानशा लोखंडी खलबत्त्यात विडा कुटण्याचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. दात गेलेली म्हातारी माणसे पान, कात, चुना, सुपारी एकत्र कुटून त्याचा चोथा बोटाने गालात सारतात. आणि जेवताना तीच माणसे भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून, तिचा लगदा झाल्यावर भुरकून गिळतात. लगदा गिळला जातो पण चावला जात नाही. उसळ, काकडी, शेंगदाणे, कोशिंबीर हे पदार्थ हळूहळू ताटातून नाहीसे होतात. आणि अशक्तपणा आला की तो वयावर ढकलला जातो. चष्मा ही गरज आहे हे आपल्या समाजाने मान्य केले आहे, श्रवणयंत्रही आता मान्य होत आले आहे, परंतु कवळी मात्र अजून मिरविण्याची वस्तू समजली जाते. ‘आता या वयात दात कशाला?’ हा प्रश्न मुलगा विचारतो आणि बापही तो बिनतक्रार मान्य करतो. २०१७ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना द्यावयाच्या साधनांच्या यादीत काठी, कुबड्या, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कृत्रिम दंतपंक्तीही घातलेली आहे, ही गोष्ट योजनाकर्त्यांना भूषणावह आहे. अडचण आहे ती वाटपाच्या रीतीत. काठी गाडीतून उतरवून मंडपात वाटता येते. कवळी त्या एकाच तोंडासाठी करावी लागते. आधी हिरड्यांचे माप घ्यायचे, मग दोन जबड्यांचा मेळ पाहायचा, मेणातले दात बसवून पारखायचे, तयार झालेली कवळी बसवायची, आणि आठवड्याने ती जिथे बोचते तिथे घासून द्यायची, असे चार-पाच तरी फेरे लागतात; पुढे हिरड्या झिजत जातात तसतसे अस्तरही बदलून द्यावे लागते. वरची कवळी टाळूला धरून ठेवतो तो लाळेचाच पापुद्र्याएवढा पातळ थर, त्यामुळे ज्यांचे तोंड औषधांनी कोरडे पडले आहे त्यांची औषधेही त्याच वेळी कोणीतरी पाहावी लागतात. एका दिवसाच्या शिबिराने, हारतुऱ्यांनी आणि छायाचित्रांनी हे काम होणारे नाही. त्यासाठी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याची जागा मंजूर असावी, ती भरलेली असावी, त्याच्या हाताखाली कवळी घडविणारा तंत्रज्ञ असावा, आणि म्हाताऱ्याला पाच वेळा आणण्यानेण्याचा एस. टी.चा खर्च योजनेच्या अंदाजपत्रकात धरलेला असावा.